हाय स्ट्रीटचे पन्नाशीतले गिऱ्हाईक

ब्रिटनमधल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या गावात शनिवारी दुपारी मुख्य बाजाररस्त्यावर, म्हणजे इकडच्या हाय स्ट्रीटवर, फेरी मारली तर कपड्यांच्या दुकानांत पंचेचाळीस ते पासष्ट या वयाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्यापैकी अनेकींकडे स्वतःची कमाई असते, मुले बरीचशी मोठी झालेली असतात, कापड बोटांत धरून पारखण्याची वर्षानुवर्षांची सवय असते आणि एखादे दुकान एकदा मनास आले की त्या ते सहजासहजी सोडत नाहीत. असे असूनही गेल्या पंचवीस वर्षांत इथल्या मोठमोठ्या कपडेविक्रेत्यांना या स्त्रीशी नेमके कसे वागावे हे नीट उमगलेले नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. कधी त्यांनी तिला म्हातारी ठरवले, कधी तिला विसरून तिच्या मुलीच्या मागे धाव घेतली आणि कधी तिची खुशामत करण्याच्या भरात तिलाच अवघडून टाकले. ज्यांना ती खरोखर वश झाली, त्यांनी तिच्या वयाचा उच्चार केला नाही. कपडा बेतताना तिच्या शरीराचा विचार मात्र केला.

मी स्वतः याच वयोगटातली आहे. इंग्लंडमध्ये आल्यापासून नोकरीचे, थंडीचे, प्रवासाचे असे माझे जवळजवळ सगळे कपडे याच रस्त्यावरून आलेले आहेत, आणि ओळखीच्या स्त्रियांबरोबर, मग त्या मराठी असोत, पंजाबी असोत वा यॉर्कशरच्या, कपड्यांविषयी निघालेले बोलणे हटकून एकाच तक्रारीवर येऊन थांबते. दुकाने भरलेली आहेत, पण आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून तिथे काही शिवलेले दिसत नाही. ही तक्रार वरवरची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कामाच्या ठिकाणी, समारंभात, डॉक्टरांसमोर किंवा बँकेत स्त्री किती मोकळेपणाने उभी राहते यात अंगावरच्या कपड्याचा वाटा मोठा असतो, आणि शरीर बदलत जाण्याच्या वर्षांत तो अधिकच वाढतो.

या विषयाचा विचार मार्क्स अँड स्पेन्सर या जुन्या दुकानसाखळीला वगळून करता येत नाही. मायकेल मार्क्स यांनी १८८४ साली लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये प्रत्येक वस्तू एका पेनीला विकणारे छोटे दुकान मांडले आणि दहा वर्षांनी टॉमस स्पेन्सर त्यांचे भागीदार झाले. पुढे १९२८ मध्ये 'सेंट मायकेल' हे नाव नोंदवले गेले आणि विसाव्या शतकातल्या कित्येक ब्रिटिश स्त्रियांची अंतर्वस्त्रे, स्वेटर, रेनकोट आणि नोकरीवर घालायचे स्कर्ट याच नावाने घरी येत राहिले. एक गोष्ट आजच्या खरेदीदारांना खरी वाटणार नाही. या दुकानांत कित्येक दशके ट्रायल रूमच नव्हत्या. कपडा घरी न्यायचा, आपल्या आरशासमोर, आपल्या उजेडात अंगावर चढवून पाहायचा आणि बसला नाही तर परत आणून द्यायचा, असा शिरस्ता होता. दुकानात जाऊन घेतलेला निर्दोष कपडा केवळ माप जमले नाही म्हणून परत घेण्याचे बंधन ब्रिटिश कायदा आजही दुकानदारावर घालत नाही. म्हणजे ही सवलत दुकानाने आपणहून दिलेली होती, आणि तिच्यामुळे जो विश्वास तयार झाला तो आई, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांपर्यंत पोहोचला. छताच्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांखाली, अर्धवट सरकवलेल्या पडद्याआड, वाढलेल्या पोटाकडे नजर टाकत घाईने निर्णय घेण्याची वेळ तिथे येत नव्हती. मला वाटते, या दुकानाविषयीच्या जिव्हाळ्यात या एका सोयीचा वाटा कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा असावा.

हा जिव्हाळा गृहीत धरण्याची किंमतही याच दुकानाला मोजावी लागली. १९९७-९८ या आर्थिक वर्षात कंपनीने एक अब्ज पौंडांहून अधिक करपूर्व नफा कमावला. ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही किरकोळ विक्रेत्याने तोवर असा टप्पा गाठला नव्हता. पुढच्या दोन वर्षांत तोच नफा निम्म्याच्या खाली आला. कारणे अनेक सांगितली जातात. २००० सालापर्यंत इथे स्वतःच्या कार्डाशिवाय दुसरे क्रेडिट कार्ड चालत नव्हते, आणि १९९८ च्या हिवाळ्यासाठी मांडलेल्या कपड्यांत करड्या रंगाचा इतका भरणा होता की त्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. परंतु या स्त्रीच्या बाजूने पाहिले तर खरा घाव वेगळाच होता. आपण इतकी वर्षे या दुकानाला धरून राहिलो म्हणून दुकानाने आपल्याकडे पाहायचे सोडून दिले, हे तिच्या लक्षात आले होते.

मग २००० साली ती प्रसिद्ध जाहिरात आली. सोळा नंबरच्या ब्रिटिश मापाची, म्हणजे भरलेल्या बांध्याची एक स्त्री टेकडीवर धावत जाते, धावता धावता अंगावरचे कपडे टाकत जाते आणि माथ्यावर पोहोचून हात पसरून आपण सर्वसामान्य असल्याचे ओरडून सांगते. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. सडपातळ मॉडेलांच्या जागी खऱ्या बांध्याची स्त्री दाखवावी, हा विचारही काळाच्या पुढचा होता. तरीही ती जाहिरात बहुतेकींना रुचली नाही, आणि त्यांची अडचण मला समजते. बाईला आपण सर्वसामान्य आहोत हे दुकानाकडून ऐकायचे नसते, कारण ते तिला ठाऊक असते. तिला त्या सर्वसामान्य शरीरावर छान दिसेल असा कोट हवा असतो, आणि त्या जाहिरातीत तर कपडे टाकून दिले जात होते.

तो कोट आणि तो स्कर्ट कसा असावा हे ज्याला कळले होते अशा माणसाला कंपनीने लवकरच गाठले. जॉर्ज डेव्हिस यांचे नाव इथल्या कपडेधंद्यात मोठे आहे. लीड्सच्या जे. हेपवर्थ अँड सन या पुरुषांचे सूट शिवणाऱ्या जुन्या कंपनीने केंडल्स नावाची दुकाने विकत घेतली होती, आणि तीच नव्या रूपात मांडून १९८२ मध्ये डेव्हिस यांनी नेक्स्टची पहिली दुकाने उघडली. नोकरी करणाऱ्या स्त्रीला जाकीट, ब्लाउज, स्कर्ट असे एकमेकांशी जुळणारे सुटे कपडे एकाच जागी, आवाक्यातल्या किमतीत आणि नीटस शिवणीचे मिळावेत, ही त्यामागची कल्पना होती. आधी शिंप्याकडे किंवा महागड्या दुकानात जावे लागणाऱ्या स्त्रीला तिने मोठाच दिलासा दिला. पुढे १९९० मध्ये त्यांनी आस्डा या किराणा सुपरमार्केटसाठी 'जॉर्ज' ही कपड्यांची मालिका सुरू केली, आणि २००१ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरच्या छताखाली 'पर उना'.

पर उनाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती तरुण स्त्रियांसाठी आखलेली होती. हातातून निसटलेले विशी-तिशीतले गिऱ्हाईक तिने परत आणावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती उचलून धरली त्यांच्या आयांनी. घेरदार स्कर्ट, कडेला झालर, भरतकामाचा एखादा तुकडा, गडद जांभळा किंवा मोरपंखी रंग, वेगळे बटण, असे तिचे कपडे होते, आणि एकेक नमुना मर्यादित संख्येत येऊन लवकर संपत असल्यामुळे पुढच्या खेपेला दुकानात काहीतरी नवे दिसेल याची खात्री असे. पन्नाशीतल्या स्त्रीला त्यात दोन गोष्टी एकदम मिळाल्या. घेर आणि कमरेची सैलसर बेतणी तिच्या शरीराला सोयीची होती, आणि रंग व झालर पाहून कोणी तिला 'आता या वयात शोभेल असे घे' म्हणत नव्हते. कपडा तरुणीच्या नावाने टांगलेला होता, म्हणूनच तो घेताना तिला हलके वाटत होते. पुढे काही जणांनी या नावाची 'काकूबाईंचे कपडे' म्हणून टिंगल केली, आणि ती मला आजही खटकते. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टुअर्ट रोझ यांच्या कारकिर्दीत, २००४ मध्ये, साडेबारा कोटी पौंड मोजून कंपनीने पर उना डेव्हिस यांच्याकडून विकत घेतली, ती काही दयाबुद्धीने नव्हे.

रोझ यांच्याच काळात, २००५ मध्ये, साठच्या दशकातली प्रसिद्ध मॉडेल ट्विगी या दुकानाच्या जाहिरातींत आली. १९६६ साली एका वर्तमानपत्राने तिला त्या वर्षाचा चेहरा म्हणून निवडले होते आणि तिचे बारीक कापलेले केस व मोठे डोळे त्या पिढीच्या मुलींनी आरशासमोर उभे राहून गिरवले होते. त्या मुली आता पन्नाशीच्या पुढे होत्या, आणि ट्विगीही पंचावन्न ओलांडत होती. जाहिरातीत ती कितीतरी तरुण मॉडेलांच्या बरोबरीने उभी होती. तिला वेगळ्या पानावर बसवलेले नव्हते, तिच्या चित्राखाली वयाचा आकडा नव्हता, 'अजूनही किती सुंदर' असे कौतुक नव्हते. तीच आठवण जागवणारी, तरी आजचाच कोट घातलेली बाई पाहून कितीतरी जणी दुकानात परतल्या. २०१३ मध्ये ॲनी लिबोवित्झ यांनी काढलेल्या छायाचित्रांत अडुसष्ट वर्षांच्या अभिनेत्री हेलन मिरेन इतर वयांच्या स्त्रियांबरोबर दिसल्या, तेव्हाही तेच सूत्र होते.

याउलट २०१६ मध्ये नवे प्रमुख स्टीव्ह रो यांनी पन्नाशीपुढच्या आपल्या निष्ठावंत गिऱ्हाइकाला दुकानाच्या नावाच्या लघुरूपावरून 'मिसेस एम अँड एस' म्हणून संबोधले आणि तिच्याकडे पुन्हा लक्ष देण्याचा संकल्प सोडला, तेव्हा त्यातली आपुलकी कळूनही मला संकोच वाटला. तिच्याकडे दुर्लक्ष झाले हे त्यांचे निदान बरोबर होते. पण बाईचा असा एक साचा बनवून त्याला नाव दिले की दुकानातली प्रत्येक वस्तू त्या साच्यासाठी बनू लागते, आणि कुठल्याही बाईला 'मी तीच' असे म्हणवत नाही. पंचावन्न वर्षांची शल्यविशारद, पंचावन्न वर्षांची शाळेतली स्वयंपाकीण आणि पंचावन्न वर्षांची नुकतीच घटस्फोट घेतलेली चित्रकार यांना एकाच आडनावाच्या पेटीत बसवता येणार नाही. त्यांच्यात समान काही असेल तर ते शरीराच्या ठेवणीत असते, आणि त्याचीच चर्चा दुकाने सर्वांत कमी करतात.

ही ठेवण मोजलेली आहे. २००१-०२ मध्ये सरकार, मोठे विक्रेते आणि विद्यापीठे यांनी एकत्र येऊन 'साइझ यूके' या नावाने राष्ट्रीय मोजणी केली. त्रिमितीय स्कॅनर वापरून सुमारे ११,००० स्त्री-पुरुषांची मापे घेतली गेली आणि २००४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांची तुलना १९५१ च्या मोजणीशी झाली. अर्धशतकात स्त्रियांची सरासरी छाती ३७ इंचांवरून ३८.५ वर गेली होती, नितंब ३९ वरून ४०.५ वर, आणि कंबर मात्र २७.५ वरून थेट ३४ इंचांवर. हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहिले की सगळा घोटाळा उघड होतो. बाई सर्व बाजूंनी सारखी वाढलेली नाही, ती मध्यभागी वाढली आहे. त्यात वयाची भर पडते. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ आहे आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागले की मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकू लागते. खांदे, मनगटे, घोटे मात्र होते तसेच राहतात.

कपड्यांचे कारखाने चालतात ते वेगळ्या रीतीने. दहा किंवा बारा नंबरच्या एका मॉडेलच्या अंगावर नमुना बेतला जातो आणि पुढचे सगळे नंबर त्या नमुन्याला ठराविक प्रमाणात वाढवत तयार होतात, ज्याला धंद्यात ग्रेडिंग म्हणतात. परिणामी कमरेसाठी सोळा नंबर घेणाऱ्या स्त्रीला खांदेही सोळा नंबरचे मिळतात, आणि ब्लाउजचा गळा सरकून अंतर्वस्त्राची पट्टी दिसू लागते. खांद्यांसाठी बारा नंबर घ्यावा, तर बटणांमध्ये फट पडते. साडी आणि शिंप्याकडून शिवलेला ब्लाउज यांत वाढलेल्या आपल्यासारख्या स्त्रियांना हा जाच विशेष जाणवतो, कारण आपला शिंपी ब्लाउजच्या आत दोन्ही बाजूंना माया सोडत असे आणि अंग भरले की टाका उसवून ती बाहेर काढता येत असे. तयार कपड्यांत अशी माया जवळजवळ नसतेच, कारण कापडाचा प्रत्येक सेंटिमीटर हिशेबात धरलेला असतो. त्यात कमाल अशी की एका दुकानातला चौदा नंबर दुसऱ्या दुकानातल्या बाराएवढा असतो. नंबरांचे एकच प्रमाण पाळण्याची सक्ती कोणावर नाही. आपले शरीर बिघडले आहे, असे वाटून ट्रायल रूममधून खाली मान घालून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी त्यांना थांबवून सांगावेसे वाटते की बिघाड नमुन्यात आहे.

म्हणूनच एखादे दुकान या वयात का आवडते याचे उत्तर मला नेहमी बारीकसारीक गोष्टींत सापडते. बाही कोपराच्या किंचित खाली संपते की दंडाच्या सर्वांत जाड भागावर आडवी कापली जाते, हे पाहावे. पॅंटचा कंबरपट्टा पुढून सपाट ठेवून इलास्टिक फक्त मागे घातले आहे का, ते पाहावे; अशी पॅंट बसल्यावर पोटात रुतत नाही आणि पुढून शिवलेल्या पॅंटसारखीच दिसते. एकाच नंबराची पॅंट आखूड, मध्यम आणि लांब अशा तीन उंचींत मिळते का, हा प्रश्न माझ्यासारख्या बुटक्या बांध्याच्या बाईसाठी तर निर्णायक असतो, आणि मार्क्स अँड स्पेन्सर व नेक्स्ट यांच्याकडे दर वेळी पावले वळतात त्याचे हे एक साधे कारण आहे. ड्रेसला अस्तर आहे का? खिसे खरे आहेत की नुसती शिवण दाखवून बंद केलेले? कापड पॉलिएस्टरचे असेल तर अंगातून एकाएकी उसळणारी उष्णता त्यात कोंडते आणि पाठ भिजते, तर सुती, लिनन किंवा चांगल्या व्हिस्कोसमध्ये ती निभावून नेता येते. प्रायमार्कने २०२२ मध्ये रजोनिवृत्तीतल्या स्त्रियांसाठी म्हणून रात्रीचे व आतले कपडे बाजारात आणले, तेव्हा तो विषय स्वस्त दुकानाच्या हँगरवर उघडपणे आला याचा मला मनापासून आनंद झाला. इथे नाव घेण्याला माझा आक्षेप नाही. गरज शारीरिक असेल तिथे ती स्पष्ट लिहावी. आवडनिवड मात्र वयावरून ठरवू नये.

आवडनिवड वयावर ठरत नाही याचा सर्वांत ठळक दाखला २०१९ च्या उन्हाळ्यात मिळाला. झाराने ३९ पौंड ९९ पेन्सला एक ड्रेस आणला होता. पांढऱ्या कापडावर काळे ठिपके, सैल अंग, लांब बाह्या, पिंढऱ्यांपर्यंत उंची, आणि खाली एक झालरीसारखा टप्पा. त्या उन्हाळ्यात तो ब्रिटनमध्ये जिथे तिथे दिसू लागला, इतका की तो घातलेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांसाठी इन्स्टाग्रामवर एक खाते निघाले. विशीतली मुलगी, बाळंतपणाला टेकलेली बाई, साठीतली शिक्षिका, सगळ्यांच्या अंगावर तोच ड्रेस. झारा हे दुकान मध्यमवयीन स्त्रीसाठी म्हणून कधीच ओळखले गेलेले नाही. तरी त्या ड्रेसची बाही, उंची आणि कमरेपाशी न आवळणारे अंग या तिन्ही गोष्टी तिच्या बाजूने होत्या, आणि तिने तो बिनदिक्कत उचलला. माझ्या एका मैत्रिणीने तो घालून दाखवत म्हटले होते, "अगं, यात मी कुणाची आई वाटत नाही आणि कुणाची मुलगी व्हायची धडपड करतेय असंही वाटत नाही." इतके नेमके वर्णन मी कुठल्याही फॅशन मासिकात वाचलेले नाही.

एच अँड एमच्या मालकीचे कॉस हे दुकान २००७ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर सुरू झाले, त्याचेही यश याच जातीचे आहे. सरळ रेषांचे, अंगाला न चिकटणारे, जाड सुती किंवा लोकरीच्या कापडाचे, बहुधा एकरंगी कपडे तिथे मिळतात. किंमत झारापेक्षा जास्त, पण नामांकित डिझायनरांपेक्षा कितीतरी कमी. तिथे तीस वर्षांची वास्तुरचनाकार आणि साठ वर्षांची ग्रंथपाल एकाच रांगेत उभ्या असतात. माझ्या मते कॉसचे काही कपडे छातीने भरलेल्या स्त्रीवर गोणीसारखे लोंबतात, त्यामुळे ते घालून पाहिल्याशिवाय कधी घेऊ नयेत.

बाकीच्या नावांत हॉब्स, फेज एट, मिंट व्हेल्व्हेट, बोडन, सीसॉल्ट यांचा उल्लेख करायला हवा. बोडनने १९९१ मध्ये टपालाने घरी येणाऱ्या कॅटलॉगपासून सुरुवात केली आणि रंगीत छापांच्या ड्रेसची सवय लावली. सीसॉल्ट कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सच्या दुकानातून वाढले आणि पावसात घालायचे कोट, सुती अंगरखे व खरेखुरे खिसे यांवर त्याने नाव मिळवले. हॉब्सचा लोकरीचा कोट कितीतरी वर्षे टिकतो. या दुकानांच्या किमती मार्क्स अँड स्पेन्सरपेक्षा चढ्या असल्याने बहुतेक जणी त्यांच्याकडे सेलमध्ये जातात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

समारंभाच्या कपड्यांची कथा दुःखद आहे. लग्नात नवरीच्या किंवा नवऱ्याच्या आईने घालायचा ड्रेस, त्यावर त्याच रंगाचे जाकीट आणि हॅट, यासाठी झाक व्हेर हे नाव पुष्कळ वर्षे प्रसिद्ध होते. ते मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधल्या भाड्याच्या कोपऱ्यांतून विकले जाई, आणि तिथल्या विक्रेत्या स्वतः त्याच वयाच्या, मापाची पट्टी गळ्यात अडकवलेल्या, गिऱ्हाइकाला नावाने ओळखणाऱ्या असत. तो समूह २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याआधी, २०१६ मध्ये, बीएचएस हे डिपार्टमेंट स्टोअर बंद झाले होते. १७७८ पासूनचा इतिहास सांगणाऱ्या डेबनहॅम्स या तशाच स्टोअरची शेवटची दुकाने मे २०२१ मध्ये बंद झाली. आणि मोठ्या मापाच्या स्त्रियांचा आधार असलेले एव्हान्स हे दुकान त्याच्या मालकीच्या आर्केडिया समूहाबरोबर बुडून त्याचे नाव तेवढे विकले गेले. व्यवस्थापनाच्या चुका, कर्ज, भाडी, इंटरनेट, कोविड अशी या प्रत्येकाची कारणे सांगता येतील. पन्नाशीतल्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र एक संपूर्ण मजला नाहीसा झाला. तिथे शेजारी शेजारी सहा-सात नावांचे कपडे एकाच ट्रायल रूममध्ये घालून पाहता येत, बरोबर आलेल्या बहिणीला बसायला खुर्ची असे, आणि मापाची पट्टी घेऊन कोणीतरी जवळ येत असे.

त्या मजल्याची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे एकच ड्रेस दोन मापांत मागवून एक परत पाठवणे ही अनेकींची रीत झाली. एका अर्थी ते जुन्या शिरस्त्याचेच पुनरागमन आहे, कारण कपडा पुन्हा आपल्या आरशासमोर, आपल्या उजेडात पाहता येतो. परंतु परतीचा खर्च विक्रेत्यांना झेपेनासा झाला आहे. झाराने २०२२ मध्ये कुरिअरने परत पाठवण्यासाठी १ पौंड ९५ पेन्स आकारायला सुरुवात केली, आणि इतरांनीही तो मार्ग धरला. मला हे शुल्क अन्यायाचे वाटते, कारण परत पाठवावे लागण्याचे मुख्य कारण दुकानांच्या नंबरांतला गोंधळ आहे आणि त्याचा दंड गिऱ्हाइकाकडून वसूल होतो.

यावर एक उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. बहुतेक दुकानांच्या संकेतस्थळांवर मापांचा जो तक्ता असतो, तो शरीराच्या मापांचा असतो. बारा नंबर म्हणजे छाती इतकी, कंबर इतकी, असा. शिवलेल्या कपड्याची मापे त्यात नसतात. कारखान्याकडे ती प्रत्येक नंबरासाठी लिहिलेली असतातच, कारण तपासनीस त्यांवरूनच माल पसंत करतो. खांद्यापासून खांद्यापर्यंत किती, दंडापाशी बाहीचा घेर किती, कमरेपाशी अंग किती सैल, पॅंटची पुढची उंची काय, आतली लांबी काय, एवढे पाच आकडे प्रत्येक कपड्याखाली छापले तर घरातला आपल्याला बसणारा एखादा कपडा टेबलावर पसरून, पट्टीने मोजून, कुठलीही स्त्री खात्रीने मागवू शकेल. छातीच्या बाबतीत तर मोठी छाती आणि अरुंद खांदे असलेल्यांना यावाचून दुसरा मार्गच नाही. जुन्या कपड्यांची विक्री करणाऱ्या संकेतस्थळांवर घरबसल्या विकणाऱ्या बायका हे आकडे पट्टी लावून, फोटो काढून देतात. ज्या कंपन्यांच्या कपाटात ते आधीच तयार आहेत, त्यांच्याकडे मी ही मागणी ईमेलने करत आले आहे, आणि तुम्हीही करावी अशी माझी विनंती आहे. ईमेल लिहिताना कपड्याचा क्रमांक, आपला नेहमीचा नंबर आणि नेमके कुठे बिनसले ते लिहावे. वय लिहायचे कारण नाही.